रात्री तीनला मोटर कोण लावतंय?

2024 च्या उन्हाळ्यात, म्हंजे मे महिन्याचं लाईट बिल आलं आणि आमच्या घरात जरा भूकंपच झाला. आईला कन्नड वाचता येत नाही, आमच्याकडं बेळगावात बिल कन्नडमधनं येतं, पण गृहज्योती चालू झाल्यापास्नं तिला त्या बिलातलं एवढंच बघायचं माहीत, खाली शून्य आहे का नाही. शून्य नसलं तर निदान आकडा तीन अंकी आहे का. त्या दिवशी चार अंक होते. ती बिल हातात धरून दारातच उभी, मी ऑफिसातनं येऊन बूट काढायच्या आधीच, "हे काय रे, दीड हजार कुठनं आलं?"

मी युनिट बघितले. 205.

आता आमच्या बाहेरच्या लोकांना ही भानगड सांगायला पायजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. कर्नाटकात गृहज्योती म्हणून योजना आहे, 2023 च्या जुलैत वापरलेल्या विजेपास्नं लागू झाली, 200 युनिटपर्यंत वीज फुकट असं सगळे म्हणतात पण ते अर्धंच खरं. 2022-23 साली तुमचा महिन्याचा सरासरी वापर किती होता तो काढायचा, त्यात दहा टक्के मिळवायचे, तेवढे युनिट फुकट. आमची सरासरी 112 होती, म्हंजे आमचा कोटा 123 चा. 123 च्या आत राहिलो तर शून्य बिल. 123 च्या पुढं पण 200 च्या आत, तर वरच्या युनिटचे तेवढे पैसे. आणि 200 ओलांडलं की संपलं, त्या महिन्याचं फुकट वगैरे काही नाही, पहिल्या युनिटापास्नं सगळं भरा, वर फिक्स चार्ज, वर टॅक्स.

तेव्हा युनिटला 5 रुपये 90 पैसे दर होता (स्लॅब त्याच वर्षी काढून टाकले होते, सगळ्यांना एकच दर). मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. 199 युनिट झाले असते तर वरच्या 76 युनिटचे टॅक्स धरून पाचशेच्या आत बिल आलं असतं. 205 झाले म्हणून साडेपंधराशेच्या वर. सहा युनिटला हजार रुपये! सहा युनिट म्हंजे काय, गीझर दोन-चार दिवस जास्त चालला तरी तेवढे होतात.

मी उद्यमबागेत एका फौंड्रीत अकाउंटला आहे. रोज दुसऱ्याच्या लाईट बिलावर लाल पेनानं टिका मारतो आणि स्वतःच्या घरात असं झालं, त्यामुळं जरा अपमानच वाटला. त्याच रात्री मोबाईलवर बसून एनर्जी मॉनिटर मागवला. दोन हजार चारशे रुपये. बायको म्हणाली, "बिल जास्त आलं म्हणून अजून अडीच हजार घालवताय?" मी म्हटलं, बघ तू, तीन महिन्यात वसूल.

तर हा मॉनिटर म्हंजे काय, एक छोटा डबा असतो आणि त्याला एक क्लॅम्प, कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा, तो मेन स्विचमधनं येणाऱ्या वायरीला लावायचा. वायर कापायला लागत नाही, वायरीतनं जेवढा करंट जाईल तेवढं तो ओळखतो आणि वायफायवरनं मोबाईलमध्ये आकडे दाखवतो. हे आपण आपलं लावायचं नसतं, मेन बोर्ड उघडायचा असतो, म्हणून ओळखीच्या वायरमनला बोलावलं. तो आला, लावला, चहा पिऊन गेला. मी ॲप उघडलं. शून्य वॅट. फ्रिज चालू, तीन फॅन चालू, टीव्ही चालू आणि शून्य. दोन दिवस शून्यच. बायको जाता-येता म्हणायची, "अहो, बचत सुरू झाली वाटतं."

तिसऱ्या दिवशी वायरमन परत. बोर्ड उघडून बघितलं, हसला. "एनिल्री सर (काही नाही सर), दोन्ही वायरी एकातच घातल्यात मी." फेज आणि न्यूट्रल दोन्ही क्लॅम्पमधनं गेले की एकातला करंट जाणारा, दुसऱ्यातला येणारा, दोन्ही एकमेकाला मारतात आणि बेरीज शून्य. एकच वायर घालायची असते. घातली आणि आकडे नाचायला लागले, 340, 338, मधनंच 490, फ्रिजचा कॉम्प्रेसर लागला असणार.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी येडा झालो होतो हे मान्य करतो. मिक्सर लावला की धावत जाऊन मोबाईल बघायचं. इस्त्री हजार. गीझर दोन हजार. पोरगीला पण नाद लागला, ती एकेक लाईट चालू-बंद करायची आणि मी ओरडून आकडा सांगायचो. आई कंटाळून म्हणाली, "काय करायलास रे त्या मोबाईलवर, वीज मोजायला अजून वीज जाळायलास." (जळते थोडी, खरं आहे, दोन वॅटच्या आसपास, महिन्याला दीड युनिटभर.)

आणि एका सकाळी मला ग्राफमध्ये तो उंचवटा दिसला.

रात्री सगळं झोपलेलं असतं तेव्हा आमच्या घराची रेघ खाली सपाट पडलेली असते, फॅन आणि फ्रिज, बाकी काही नाही. पण तीन वाजून पाच मिनिटांनी एकदम हजार वॅटवर उडी, वीस मिनिटं तिथंच टेबलासारखी सपाट, आणि परत खाली. मागच्या रात्री बघितलं, तीनला दहा कमी. त्याच्या आदल्या रात्री सव्वातीन. रोज! हजार वॅटचं आमच्या घरात काय आहे जे रात्री तीनला कुणी न लावता लागतं, मी चहा पिता पिता मोठ्यानं विचारलं.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मोटर."

"कुठली मोटर?"

"संपातली. महिना झाला सांगायलोय रे मी, रात्री मोटर वाजते म्हणून. तूच म्हणालास शेजारच्यांची असंल, तू झोप."

म्हणालो होतो. आईची खोली मागं आहे, संपाच्या (जमिनीतल्या पाण्याच्या टाकीच्या) बाजूला, तिला झोप कमी. मला ते आठवलं आणि मी गप्प बसलो.

आमच्याकडं नळाचं पाणी आलं की खाली संपात भरून घ्यायचं, आणि संपातनं एक एचपीच्या मोटरनं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलर बसवला होता, टाकी खाली झाली की मोटर आपोआप लागते, भरली की बंद. म्हंजे रात्री तीनला टाकी खाली होत होती. रात्री पाणी कोण वापरतंय? प्लंबर आला, पंधरा मिनिटांत शोधलं, मागच्या संडासातल्या फ्लशच्या टाकीचा वॉशर गेला होता, त्यातनं आत बारीक धार चालू होती, दिसत पण नव्हती नि आवाज पण नाही. त्यानं आत थोडी हळद टाकून दाखवली, खाली भांड्यात पिवळं उतरलं. वॉशर आणि मजुरी मिळून तीनशे रुपये. रात्री तीनची उडी बंद.

ह्यात वीज किती वाचली, तर हजार वॅट वीस मिनिटं म्हंजे रोजचा एक तृतीयांश युनिट, महिन्याला दहा. पाणी किती वाचलं ते मी मोजलं नाही पण ते जास्त महत्त्वाचं असणार. आणि आता मला सांगा, हे अडीच हजाराच्या मॉनिटरनं शोधलं का आईनं? मी आजतागायत घरात म्हणतो मॉनिटरनं. आई काय म्हणते ते सांगायची गरज नाही.

त्यानंतर मी एक प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर पण घेतला, एकेक वस्तू वेगळी मोजायला, आणि खरं सांगू का, पहिल्यांदा हाच घ्यायला पायजे होता, स्वस्त आणि जास्त कामाचा. मेनवरचा क्लॅम्प सांगतो घर किती खातंय, कोण खातंय ते सांगत नाही. प्लगवाला गुन्हेगार दाखवतो. फ्रिज आमचा 2009 सालचा, तो दिवसाला दोन युनिटच्या पुढं जात होता, बघितलं तर दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात सुटलेलं, दारात नोट अडकवून दार लावलं तर नोट सहज ओढून निघत होती. रबर बदललं, दीड युनिटवर आला. सेट-टॉप बॉक्स दहा वॅट, टीव्ही बंद असला तरी दहा वॅट, रिमोटनं बंद केला तरी दहाच, तो आपला आत जागाच असतो. दहा वॅट म्हंजे काय म्हणाल, पण चोवीस तास तीस दिवस गुणा, सात युनिट होतात. आमचं मे महिन्यात जे सहा युनिटनं गाडं अडलं होतं ते नुसत्या या डब्याचं बटण भिंतीवरनं बंद केलं असतं तरी अडलं नसतं. हजार रुपये!

हे मी सोसायटीत सांगत सुटलो तेव्हा समोरच्या गल्लीतल्या काकूंनी मला जमिनीवर आणलं. त्या एकट्याच राहतात, त्यांचा वापर पन्नास-पंचावन्न, बिल शून्य. त्या म्हणाल्या, "मी सेट-टॉप बॉक्स बंद केला तर मला किती वाचतील?" मी म्हटलं, काही नाही काकू. "मग कशाला वाकायचं बटणाला?" बरोबर आहे की. शून्यातनं काय वजा करणार.

तेच मला सगळ्यात गमतीचं वाटतं, स्मार्ट मीटरनं (वापराचे आकडे आपोआप कळवणारा मीटर) पैसे वाचतात का असं जे विचारतात त्यांना आधी विचारायला पायजे, तुमची रेघ कुठं आहे? कोट्याच्या आत असलात तर दहा युनिट वाचवून दमडी वाचत नाही. मध्ये असलात तर दहा युनिटला साठ-सत्तर रुपये. आणि 200 च्या काठावर असलात तर तेच दहा युनिट हजार रुपयाचे होतात. युनिट तेच, मीटर तेच, पैसे तीन प्रकारचे. कंपनीच्या जाहिरातीत असलं काही लिहिलेलं नसतं, "बिलात इतके टक्के बचत" एवढंच.

टक्क्यांवरनं आठवलं, मी मधल्या काळात जेवणाच्या सुट्टीत याबद्दल बरंच वाचून काढलं. ब्रिटनमध्ये सरकारनं घरोघरी स्मार्ट मीटर बसवायचं ठरवलं, अब्जावधी पौंडांचा खर्च, आणि त्यांच्या स्वतःच्या हिशोबात माणूस मीटर बघून वीज किती कमी वापरेल असं धरलं होतं, तर 2.8 टक्के. गॅस 2 टक्के. आयर्लंडमध्ये 2009-10 साली मोठी चाचणी झाली, तिथं वेळेनुसार वेगळे दर आणि सोबत माहिती दिली, तर एकूण वापर अडीच टक्क्यांनी उतरला पण संध्याकाळच्या गर्दीच्या वेळचा वापर 8.8 टक्क्यांनी. मला हा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो, लोकांनी वीज कमी केली नाही तेवढी सरकवली. आणि नेदरलँड्समधला 2010 चा अभ्यास तर माझ्याच घरावर केल्यासारखा आहे, मॉनिटर दिलेल्या घरांनी पहिल्या चार महिन्यांत 7.8 टक्के वाचवले, आणि पंधरा महिन्यांनी बघितलं तर ती बचत टिकलेलीच नव्हती.

आता मामाच्या पोरानं खानापूर रोडला नवीन घर बांधलंय. नवीन कनेक्शनला आता स्मार्ट मीटर. 2025 च्या सुरुवातीला बेंगळूरकडं यावरनं केवढा आरडाओरडा झाला ते पेपरात वाचलं असेलच, सिंगल फेजचा मीटर पाच हजारांच्या घरात, आधीचा साधा मीटर हजाराच्या आसपास मिळायचा. तो मला फोनवर म्हणाला, "दादा, पाच हजार गेले पण वसूल होतील न्हवं?" मी त्याला हिशोब करून सांगितला. समजा तुझा वापर 150 युनिट. ब्रिटनवाल्यांसारखे तीन टक्के वाचवलेस, साडेचार युनिट. 2025-26 च्या 5 रुपये 80 पैशांनी सव्वीस रुपये महिना. पाच हजार भागिले सव्वीस, एकशे ब्याण्णव महिने, सोळा वर्षं. तो जरा वेळ गप्प, मग म्हणाला, "मग कशाला बसवतात?"

कशाला बसवतात हे काही गुपित नाही. तो मीटर तुमच्यासाठी नसतोच, तो कंपनीसाठी असतो. रीडिंगला माणूस पाठवायला नको, बिल थकलं तर खांबावर चढायला नको, तिथनंच तोडता येतं, कुठल्या ट्रान्सफॉर्मरला किती वीज घातली आणि खालच्या मीटरांत किती मोजली गेली याची वजाबाकी करून चोरी कुठं होते ते कळतं. केंद्राची 2021 ची जी योजना आहे, देशभर 25 कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवायची, तिचा हेतूच तो, वीज कंपन्यांचा तोटा कमी करणे. ते चांगलंच आहे, तोटा कमी झाला तर दर कमी वाढतील अशी आशा करायला हरकत नाही. पण "ग्राहकाची बचत" हे त्याच्यावरचं वेष्टन आहे.

फौंड्रीत मात्र मीटरनं पैसे वाचतात, हे मी डोळ्यांनी बघतो. आमच्याकडं इंडक्शन फर्नेस (विजेवर धातू वितळवायची भट्टी) आहे, मेल्ट म्हंजे वितळवणं चालू असताना बाकी सगळ्या मोटरी एकदम लागल्या तर मॅक्झिमम डिमांड (महिन्यातली एका वेळची सगळ्यात जास्त मागणी) वर जाते आणि तेवढ्या थोड्या वेळाचा दंड महिनाभराच्या बिलात येतो. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरा कामाला येणारा हिस्सा) घसरला की वेगळा दंड, म्हणून तो सुधारायला कपॅसिटर. वेळेचा दर आहे, संध्याकाळी महाग, रात्री सवलत, म्हणून मेल्ट शक्यतो रात्री. हे सगळं मीटरशिवाय होणारच नाही. पण तिथं मीटरसमोर एक माणूस बसलेला असतो आणि त्याला त्याचाच पगार मिळतो, डिमांड वर चढायला लागली की तो कामाच्या शेडमध्ये फोन करून ग्राइंडर बंद करायला लावतो. घरात हा माणूस कोण? मी तीन महिने होतो, बिनपगारी. मग मलाही कंटाळा आला.

पॉवर फॅक्टरवरनं एक सांगायचं राहिलं, मॉनिटर घेणाऱ्यांनी बघून घ्या. स्वस्तातले क्लॅम्पवाले डबे फक्त करंट मोजतात, व्होल्टेज मोजतच नाहीत, 230 धरून गुणून टाकतात. आमच्या गल्लीत संध्याकाळी व्होल्टेज 205 पर्यंत उतरतं. वर मोटरसारख्या वस्तूचा पॉवर फॅक्टर एक नसतो, 0.7 असला तर डबा हजार दाखवेल तिथं खरे सातशेच असतात, आणि मीटर तुम्हाला सातशेचेच पैसे लावतो. म्हंजे माझ्या त्या मोटरचे दहा युनिट पण थोडे कमीच असतील. आईला सांगितलेलं नाही.

नवीन मीटर पळतो असं जे सगळे म्हणतात त्यात किती खरं? थोडं खरं आहे पण लोकांना वाटतं त्या कारणानं नाही. जुना चकतीचा मीटर म्हातारा झाला की हळू फिरायचा, आणि चार्जर, सेट-टॉप बॉक्स असल्या बारीक लोडला तर चकती हलायचीच नाही, इलेक्ट्रॉनिक मीटर तेही पकडतो. म्हंजे नवा पळत नाही, जुना लंगडत होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियात बेकर्सफील्ड म्हणून गाव आहे, तिथं 2009 साली स्मार्ट मीटर आल्यावर अशीच बोंब उठली, तपासणी लावली, मीटर बरोबर निघाले, उन्हाळा कडक होता आणि दर वाढले होते. पण म्हणून सगळेच लोक खोटं बोलतात असं पण नाही हं. 2017 मध्ये नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठात काही इलेक्ट्रॉनिक मीटर डिमरवाल्या एलईडी दिव्यांना जोडून बघितले तर त्यातले काही खऱ्याच्या कितीतरी पट जास्त मोजत होते, सगळ्यात वाईट केसमध्ये 582 टक्के जास्त. प्रयोगशाळेतली परिस्थिती होती, जरा टोकाची, पण मीटर चुकूच शकत नाही असं म्हणणाऱ्याला दाखवायला बरं.

तुम्हाला शंका असेल तर घरच्या घरी बघता येतं, एक पैसा लागत नाही. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी लिहिलेलं असतं एका युनिटला किती वेळा, आमच्यावर 3200 आहे, काहींवर 1600. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज, इन्व्हर्टर, राऊटर सकट, दिवा लुकलुकायचा थांबला पायजे. थांबला नाही तर कुठंतरी करंट जातोय, वायरमनला बोलवा. थांबला, तर मग एक जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब लावा (आम्ही देवघरातल्या कपाटावरनं शोधून काढला) आणि घड्याळ लावून मोजा. 3200 वाल्यात तीन मिनिटांत सोळा वेळा लुकलुकला पायजे. आमचा सोळा. पोरगी सतरा म्हणाली, पण ती मोजताना हसत होती.

आमची ताई चंदगडला दिली आहे, म्हंजे पलीकडं, कोल्हापूर जिल्हा. तिकडं महाराष्ट्रात 2025 च्या जुलैपासनं स्मार्ट टीओडी (वेळेनुसार वापर मोजणारा) मीटर असलेल्या घरांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 वापरलेल्या विजेवर युनिटला ऐंशी पैशांपासनं सवलत सुरू झाली. तिचा मीटर बदललाय, आता ती वॉशिंग मशीन, मोटर, इस्त्री सगळं दुपारी उरकते. ती घरीच असते म्हणून तिला जमतं, माझ्या घरात नऊ ते पाच कुणी इस्त्री करायला नसतंय. इथं निदान मीटरला काहीतरी काम आहे, कुठल्या वेळेला वापरलं ते साध्या मीटरला कळतच नाही. तरी महिन्याला तीस-चाळीस युनिट दुपारी सरकवले तरी पंचवीस-तीस रुपयेच. दाजी फोनवर चिडवतात, "तुमच्याकडं फुकट, आमच्याकडं दुपारी स्वस्त, एवढ्या वर्षांचा सीमावाद काय उगंच चाललाय होय!"

खरी बचत कशात झाली विचाराल तर फॅनमध्ये. साधा फॅन 75 वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा फॅन) 28-30. तीन फॅन बदलले, दिवसाला बारा तास धरले तरी महिन्याला अठ्ठेचाळीस युनिट. हे शोधायला कसला मॉनिटर लागत नाही, खोक्यावर लिहिलेलं असतं. ते अडीच हजार मी पहिल्यांदाच एका फॅनला घातले असते तर ते रोज रात्री माझ्या डोक्यावर गपगुमान वीज वाचवत फिरले असते. पण हे आता सुचतंय. आणि तीन फॅन म्हंजे आठ हजार झाले, ते मी एकदम नाही, दिवाळी ते मार्च असे एकेक करून बदलले, अजून आईच्या खोलीतला जुनाच होता कारण नव्याला वारा लागत नाही असं तिचं म्हणणं.

मॉनिटरचं काय झालं? ऑक्टोबरात आम्ही इंटरनेटवाला बदलला, नवा राऊटर आला, वायफायचं नाव बदललं आणि डब्याला नेट सापडेना. लाल दिवा लावून बसला. परत जोडायला बोर्डाजवळ स्टूल घेऊन चढायला पायजे आणि एक बटण दहा सेकंद दाबून धरायला पायजे, एवढंच. मी आजपर्यंत चढलो नाही.

पण त्याच्या आधीच आईनं आपलं वेगळं चालू केलं होतं, ते मला बरेच दिवस माहीतच नव्हतं. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यात ती दुधाचे हिशोब लिहिते, एक लिटर, दीड लिटर, खाडा. एकदा मी गॅसची तारीख बघायला पान उलटलं तर दर रविवारच्या चौकोनात दुधाच्या खाली पाच आकडी नंबर. मीटरचं रीडिंग. आकडे इंग्रजी असतात, कन्नड यायला लागत नाही. मी म्हटलं हे कधीपास्नं? म्हणाली, "तू मोबाईल बघायचं सोडलास तेव्हापास्नं."

2025 च्या मे मध्ये ताईची दोन्ही पोरं सुट्टीला आमच्याकडं. कूलर दिवसभर, फ्रिज सारखा उघडा, मोबाईल चार्जिंगला तीन-तीन. मी काही लक्ष दिलं नव्हतं. रीडिंग घ्यायला माणूस साधारण दोन तारखेला येतो. तीस तारखेला संध्याकाळी आई बाहेर जाऊन मीटर बघून आली, कॅलेंडरसमोर उभी राहून बोटांवर वजाबाकी केली आणि हॉलमध्ये येऊन कूलरचं बटण बंद केलं. पोरं ओरडली. ती म्हणाली, "एकशे अठ्ठ्याऐंशी झालेत. तीन दिवस राहिलेत. गाद्या घ्या, गच्चीवर."

सगळे गच्चीवर झोपलो. अनगोळात मे अखेरीला रात्री वारा सुटतो, तेवढं आहे. सेट-टॉप बॉक्स भिंतीवरनं बंद, तिची रात्रीची मालिका पण बंद, तीन दिवस. दुसऱ्या रात्री मला मध्येच जाग आली तर आई गच्चीच्या कठड्याला टेकून बसलेली, अंधारात. मी म्हटलं, काय झालं गं, झोप येत नाही?

"वाजली नाही," ती म्हणाली. "तीन वाजून गेले."

बिल आलं 197 युनिटचं.